शहाद्यापासून धरलेली जागा

या सदरात लोक जे लिहितात ते मी वाचते आणि बहुतेक वेळा हसते. पिंपळाखालची पांढरी साडी, उलटे पाय, विहिरीतून आलेली हाक... आमच्या म्हसावदलाही पिंपळ आहेत, विहिरी आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथेच आहे. अंधारात शेतावर पाणी धरायला गेलेली बाई आहे मी. मला साप दिसले, रानडुकरं दिसली, एकदा आमच्या केळीचा घड कापून नेणारा आमचाच सालदार दिसला. भूत काही दिसलं नाही. गावात एका बाईच्या अंगात यायचं. तिच्या तोंडावर मी तांब्याभर गार पाणी मारलं. त्यानंतर माझ्यासमोर तिच्या अंगात आलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणू नये की म्हातारी मुळातच भोळी असेल.

माझी शाळा चौथीपर्यंत. सजवून लिहिता येत नाही. झालं तसं लिहिते.

जिच्यामुळे हे लिहावं लागतंय ती माझी मोठी जाऊ, केवळबाई. सगळं घर तिला जिजी म्हणायचं, मीही. तीन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत ती वारली. शेवटची आंघोळ तिला मी घातली. तेव्हा ती खरोखर गेली की नाही, याबद्दल मला तरी शंका नाही.

जिजीसारखा एसटीचा प्रवास करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात कोणाला कुठे जायचं असलं — लग्न, मयत, दवाखाना, कोर्ट — की सोबतीला जिजी. धुळे, जळगाव, नाशिक, सुरत, सगळे स्टँड तिच्या पायाखालचे. आणि प्रत्येक वेळी ती इतक्या कमी पैशांत जाऊन यायची की घरातल्या पुरुषांना वाटायचं, ही रस्त्यात कोणाकडे उसने मागते की काय.

लोक समजतात, प्रवासात पैसा वाचवायचा म्हणजे उपाशी राहायचं, नाही तर पोरांचं वय चोरायचं. जिजी असलं काही करत नसे. गाडीत चढल्यावर तिकीट पहिलं तिचं, आणि बिनतिकीट बसणाऱ्याला ती तोंडावर चोर म्हणायची. तिचं म्हणणं असं होतं की तिकीट हा खर्चच नव्हे. खर्च होतो तो गाडी थांबली की. चहा, वडा, पाण्याची बाटली, रडणाऱ्या पोराला फुगा... म्हणून गाडी थांबली तरी आपण उतरायचं नाही. बरोबर दशम्या न्यायच्या. दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात पीठ मळून केलेली भाकरी, दोन दिवस मऊ राहते. तिच्या दशमीत मीठ नेहमी कमी. मी एकदा बोलले तर म्हणाली, मीठ जास्त झालं की तहान लागते, तहान लागली की पाणी पितो, पाणी प्यायलं की उतरावं लागतं, आणि उतरलं की जागा जाते. एका चिमटीमागे एवढा विचार! मी तर बाई, मीठ टाकताना भाजीशिवाय कशाचा विचार केलेला नाही.

धुळ्याला जाताना ती घरची लाल मिरची विकायला न्यायची. एकदा कंडक्टरने पोतं पाहिलं आणि सामानाचं तिकीट मागितलं. जिजीने पोतं तिथल्या तिथे सोडलं, मिरची कापडी पिशव्यांत भरली आणि सगळ्या बायकांच्या पायाशी एकेक पिशवी ठेवून दिली.

“बाई, पोतं कुठे गेलं?” कंडक्टर म्हणाला.

“कोनतं पोतं, भाऊ? ज्याना त्याना पायशी ज्यानी त्यानी मिरची शे.”

गाडीभर शिंका चालल्या होत्या. कंडक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाला, “पुढच्या वेळी दुसऱ्या गाडीने ये, माय.”

“दुसरी गाडीना कंडक्टर शिंकत नही का?”

धुळ्याला उतरताना पिशवी सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओंजळीत तिने मिरची घातली, आणि कंडक्टरलाही दिली. त्याने घेतली.

जेठ, म्हणजे जिजीचे मालक, वारले तेव्हा त्यांच्या चपला नव्या होत्या. जिजीने त्या कोणाला दिल्या नाहीत, पुढे चिंधी कोंबून स्वतः घातल्या. लुगड्याखाली त्या पुरुषी चपला दिसायच्या तेव्हा पोरं हसायची. तिला फरक पडत नसे.

हे सगळं वाचवून तिने काय केलं, तर माझी मुलगी रेखा नवऱ्याने टाकून दिल्यावर परत आली, तेव्हा तिला शिलाई मशीन घेऊन दिली. आम्ही आईबाप रडत बसलो होतो. जिजी रडली नाही. दुसऱ्या आठवड्यात शहाद्याहून मशीन आली. आज रेखा नाशिकला कपड्यांच्या कारखान्यात शिवते, खोली भाड्याने घेऊन एकटी राहते, कोणापुढे हात पसरत नाही, ते त्या मशीनमुळे. म्हणून मी जिजीला मानते. नुसती चिकट असती तर मानलं नसतं.

पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली तेव्हा ती त्र्याहत्तरची होती. फार खूश झाली. मला म्हणाली, “आते दोन वरीस मरानं नही. मंग मी गडचिरोलीलोंग जाई येसू.”

“तठे कोन शे आपलं?”

“कोनी नही. फुकट शे ना!”

त्याच थंडीत गेली.

आता खरी गोष्ट. मागच्या डिसेंबरातली, सारंगखेड्याची दत्ताची यात्रा, ती घोड्यांच्या बाजाराची, चालू होती तेव्हाची.

रेखाच्या पोटात गाठ निघाली होती. रक्त जाऊन जाऊन पोरगी पिवळी पडली होती. ऑपरेशनची तारीख एकदा मिळाली ती तापामुळे गेली. दुसऱ्यांदा मिळाली तेव्हा दवाखान्याने बजावून सांगितलं — आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत घरचं माणूस हजर पाहिजे, सही करायला आणि जवळ राहायला. नाही आलं तर तारीख दुसऱ्याला जाईल, मग महिनाभर विचारू नका. माझे मालक नाहीत. मुलगा दिलीप सुरतला, त्याला रजा नाही. राहिले मी.

मी म्हणजे अशी, की त्याच्या आदल्या वर्षी गोठ्यात पाय घसरून खुबा मोडला होता. आत सळई घातलीय. बसले तर दिवसभर बसेन. उभी राहिले की थोड्या वेळाने पाय बधिर होतो आणि मग माझा राहतच नाही. नाशिक म्हणजे दिवसाचा प्रवास.

दिलीपचा फोन आला. “आई, गाडी करी देस तुले. दारथून दारलोंग.”

“ते पैसा रेखाले धाड. दवाईले लागतीन.”

“तुना पायमा सळी शे. नाशिकलोंग हुबी ऱ्हाशी का तू?”

“हुबी कसाले ऱ्हासू? बठीसन जासू.”

मला खात्री होती, कारण बसायला जागा कशी मिळवायची ते मला जिजीने शिकवलेलं होतं. रिझर्वेशनचे जादा पैसे भरायचे नाहीत. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची नाही, त्याने भांडणं होतात. गाडी जिथून निघते तिथे वेळेआधी जायचं, गाडी कुठे उभी असते ते माहीत करून ठेवायचं आणि कंडक्टर पाटी लावायच्या आधीच आत जाऊन बसायचं. शहाद्याला नाशिकची सकाळची गाडी भिंतीच्या कडेला उभी राहते. आम्ही दोघी किती वेळा तशा जाऊन बसलो असू. पाटी बघणं, चौकशी करणं हे नवख्या माणसाचं काम असं आम्ही समजायचो.

तशीच त्या दिवशी उजाडता म्हसावदहून शहाद्याला आले. भिंतीच्या कडेला गाडी उभी. चढले, खिडकी धरली, पिशवी मांडीवर घेतली. रात्री काळजीने झोप नव्हती, तिथे डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाडी रस्त्याला लागली होती आणि आत ही गर्दी! माझ्या शेजारी एक माणूस मांडीवर घुंगरांच्या माळा घेऊन बसला होता. कंडक्टर आला. मी म्हटलं, “नाशिक. अर्धं.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “आजी, ही यात्रा स्पेशल. सारंगखेड्यापर्यंत. नाशिकची गाडी आज पलीकडे लागलीय.”

सगळी गाडी हसली. मागून एकजण ओरडला, “आजी, आते घोडा ल्या अन् घोडावरच जा नाशिकले!”

चूक माझी होती. पाटी दोन वेळा वाचायला माझी चौथी पुरली असती.

कंडक्टर भला होता. म्हणाला, “सारंगखेड्याला उतरा. नाशिकची मागून याच रस्त्याने येईल, हात दाखवा. पण आजी, यात्रेचे दिवस आहेत. बसायला मिळेल असं धरून चालू नका.”

सारंगखेड्याला उतरले. धूळ, भोंगे, घोड्यांचं खिंकाळणं... तापीच्या पुलाकडे जाणारा रस्ता माणसांनी भरलेला. एका चहावाल्याच्या बाकावर बसले तर तो म्हणाला, आजी, चहा घ्या नाही तर बाक सोडा. चहा प्यायचा नव्हता. उठले. काठीवर भार टाकून कडेला उभी राहिले.

एक धुळ्याची गाडी आली, दारात माणसं लटकलेली, थांबलीच नाही. माझ्या पायाला मुंग्या यायला लागल्या. तेव्हा मात्र मला कळलं की मी काय करून बसले. दुसरी कसली काळजी नव्हती. एकच दिसत होतं — रेखा दवाखान्याच्या बाकावर पिशवी घेऊन बसलीय, दाराकडे बघतेय आणि आत तिचं नाव कापतायत. आणि ते कशामुळे, तर आईने गाडीचे पैसे वाचवले म्हणून. दिलीपने करून दिलेली मोटार एव्हाना दोंडाईच्याच्या पुढे गेली असती.

मग नाशिकची आली. पुढून घोड्यांची रांग रस्ता ओलांडत होती म्हणून ती थांबली, नाही तर तीही गेली असती. मी काठी वर केली. दारातून कंडक्टर ओरडला, “जागा नाही, आजी! मागच्या गाडीने या!”

तेवढ्यात खिडकीतून एका बाईने डोकं बाहेर काढलं. जाडजूड, कोपरापर्यंत बांगड्या.

“माय, तूच का ती? काठीवाली? चढ, चढ! तुन्ही जागा धरेल शे!”

कंडक्टरने मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे. “हीच का ती देराणी? अरे, व्हा रे बाजूला, घ्या त्यांना वर! त्या म्हातारीने शहाद्यापासून माझं डोकं खाल्लंय.”

दारातल्या दोन पोरांनी मला हात देऊन वर ओढलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक एकमेकांच्या पायांवर उभे होते. आणि त्या सगळ्यात ड्रायव्हरच्या मागे तिसऱ्या रांगेत खिडकीची एक सीट मोकळी. तिच्यावर फडक्यात बांधलेली शिदोरी. उभे असलेले लोक माझ्याकडे अशा रागाने बघत होते की ती जागा त्यांना कोणी मिळू दिली नव्हती हे मला न सांगता कळलं. मी शिदोरी उचलली आणि बसले. पाय लांब केला. गाडी पुलावर चढली.

बांगड्यांवाली माझ्या शेजारीच होती. शहाद्याची बांगडीवाली, माल आणायला धुळ्याला निघालेली.

“जागा कोनी धरी?” मी तिला विचारलं.

“कोनी म्हंजे? तुन्ही जेठानीनी! आतेच त उठनी. म्हने, ती देख मन्ही देरानी उभी शे, मी उतरस. दारमा भेटनी नही का तुले?”

आमच्याकडे मोठ्या जावेला जेठानी म्हणतात, धाकटीला देरानी. मला जेठानी एकच होती.

गाडीला दार एकच, पुढचं. त्या दारातून मी चढले. मला दोन पोरं भेटली आणि कंडक्टर भेटला. उतरणारी बाई काही भेटली नाही. तसं मी तिला सांगितलं.

“गर्दीमा समजनं नही व्हई,” ती म्हणाली. “पन काय बाई शे व माय! तीन मानसं उठाडात तिनी आठून. एक त पोलिसना भाऊ सांगे स्वतःले. त्याले म्हने, भाऊ पोलिस शे ना, मंग तू बिगर पोलिस शे, ऊठ.”

“दिसाले कशी व्हती?”

“तुन्हापेक्षा जराशी उंच. हिरवं लुगडं. अन् पायमा मानूसन्या चपला, ह्या एवढ्या मोठ्या! मी इचारं, माय, ह्या कोन्या? त म्हने, मन्हा मालकले आते लागतस नही.”

पिशवी घट्ट धरली असेन, कारण नंतर बोटं दुखत होती. मग विचारलं, “मी सारंगखेडाले चढसू, हाई तिले कसं माहीत?”

बांगडीवाली माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. “आता तुमन्या घरन्या गोष्टी माले काय इचारस? मी तिले इचारं होतं, तुन्ही देरानी शहादालेच काबरं चढनी नही? त म्हने, ती चुकीनी गाडीमा बठेल शे, सारंगखेडाले उतरी. तिना पायमा सळी शे, तिले हुबं ऱ्हावास नही. जागा त धरनीच पडी.”

हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पहिली गोष्ट, ती बाई गाडीत बसली तेव्हा गाडी शहाद्याच्या स्टँडमध्ये उभी होती, पाटीही लागलेली नव्हती. त्या वेळी मी दुसऱ्या गाडीत झोपलेली होते आणि गाडी चुकीची आहे हे खुद्द मला माहीत नव्हतं. दुसरी गोष्ट माझ्या पायाची. जिजी वारली तेव्हा माझे दोन्ही पाय धड होते. सळई नंतरची आहे.

अंगावर काटा आला असं लोक लिहितात. मला काटा आला नाही, मला राग आला. मी चुकीच्या गाडीत झोपलेली दिसत होते, तर खिडकीशी येऊन एक हाक मारायला काय झालं होतं? मग आठवलं. जिजी झोपलेल्या माणसाला कधी उठवत नसे. झोपलेलं माणूस खर्च करत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

कंडक्टर तिकिटाला आला. मी नाशिकचं अर्धं काढलं. मग म्हटलं, “आणि एक शहादा ते सारंगखेडा.”

“ते कशाला?”

“माझ्या जावेचं. तिने तिकीट काढलं का?”

तो जरा ओशाळला. “नाही काढलं. खरं सांगू का, मी दोनदा मागायला गेलो. एकदा म्हणाली, आधी त्या बाळंतिणीला बसायला दे. दुसऱ्यांदा म्हणाली, त्या माणसाचे सुट्टे दे, मग माझ्याकडे ये. ती समोर असली की माझ्या ध्यानातच राहायचं नाही. आता उतरून गेली, जाऊ द्या.”

“जाऊ कसं द्यायचं? ती जन्मात बिनतिकीट बसलेली नाही. फाड तिकीट.”

“वय काय त्यांचं? पंचाहत्तरच्या वर असतील तर पैसे लागत नाहीत.”

“वारली तेव्हा त्र्याहत्तर होतं.”

त्याचा हात मशीनवर थांबला. शेजारी बांगडीवालीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

“आजी, सकाळच्या पारी थट्टा करू नका.”

“मी तुझी थट्टा कशाला करू? तीन वर्षं झाली तिला जाऊन. आज असती तर शहात्तरची असती, मग फुकट. पण वारलेल्या माणसाचं वय वाढतं का, ते मला माहीत नाही. तुला माहीत असलं तर सांग.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. डोकं लावणारा माणूस होता. हलक्या आवाजात म्हणाला, “वाढत नसावं.”

“मग अर्धं दे.”

त्याने अर्धं तिकीट फाडून दिलं आणि पैसे घेतले. त्यानंतर धुळ्यापर्यंत तो आमच्या रांगेकडे आला नाही.

बांगडीवाली मात्र धीराची. मला म्हणाली, “माय, मन्ही मांडीले तिना हात लागनाता. गरम व्हता व.” मी म्हटलं, असेल. दुसरं काय म्हणणार? धुळ्याला उतरताना तिने माझ्या पायांना हात लावला. माझ्या पायांना का, कोण जाणे. मी तर काही केलेलं नव्हतं.

धुळे सुटल्यावर मी शिदोरी सोडली. जुन्या लुगड्याचं फडकं, आत दशम्या आणि लसणाची कोरडी चटणी. मेलेल्या माणसाचं अन्न खाऊ नये म्हणतात. पण जिजीचं अन्न टाकू नये, हे मला त्याहून पक्कं माहीत होतं. शिवाय भूक लागली होती. खाल्लं. दशमी मऊ होती, सकाळचीच असावी. मीठ कमी.

मालेगावला गाडी थांबली तेव्हा मी उतरले नाही. तहान लागलीच नव्हती.

नाशिकला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दवाखान्यात शिरले तर रेखा खरोखरच बाकावर बसलेली, मांडीवर पिशवी. मला पाहून उठायला गेली, तर तिला उठवेना. नर्सबाई हातात कागद घेऊन उभी होती. मला म्हणाली, “तुम्हीच आई का? अजून थोडा उशीर झाला असता तर मी पुढच्या बाईला बोलावणार होते. इथे सही करा.” मी सही केली. माझी सही वेळ खाते, पण ती थांबली.

रेखा म्हणाली, “माय, इतल्या लांब हुबी उनी का?”

“नही. बठीसन उनू.”

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मी बाहेर बसले होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, गाठ मोठी होती, देठाशी पिळायला लागली होती. महिनाभर थांबला असतात तर ही मुलगी चालत आली नसती, उचलूनच आणावी लागली असती. मी त्यांना म्हटलं, थांबणार होतोच आम्ही... थोडक्यात चुकलं.

टाके निघाल्यावर मी रेखाला सगळं सांगितलं. ती शहरात राहते, तिने लगेच दुसरी कारणं काढली. म्हणाली, दोन्ही कंडक्टर फोनवर बोलले असतील. मी म्हटलं, पहिल्याला माझी चूक कळली तेव्हा गाडी शहाद्याच्या बाहेर होती आणि जागा त्याआधीच धरलेली होती. म्हणाली, कोणी दुसरीच बाई असेल, तिची दुसरी देरानी असेल, ती चुकली आणि जागा तुला मिळाली. हे मीही मनाशी म्हणून पाहिलं होतं. असं होऊ शकतं. पण हिरवं लुगडं, नवऱ्याच्या चपला, देरानीच्या पायात सळई, देरानी चुकीच्या गाडीत, आणि दशमीत मीठ कमी — अशी दुसरी जोडी त्याच दिवशी त्याच रस्त्यावर असेल, तर तोही चमत्कारच म्हणावा लागेल. त्यापेक्षा जिजी बरी.

मग रेखाने कारणं काढायची सोडली. भिंतीकडे तोंड करून पडली आणि म्हणाली, “मन्हा करता काही सांगं का तिनी?”

“नही.”

“काहीच नही?”

“आखो काय सांगी? तुन्हा करता शहादापासून भांडत उनी ना!”

हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही, मला तसंच वाटतं. जिजी माझ्यासाठी आली असेल असं मी धरत नाही. माझ्यावर तिचा जीव होता, पण एवढा नव्हता. पोरगी तिची होती.

परत येताना मी शहाद्याच्या स्टँडवर उतरून जरा बसले. नाशिकच्या गाडीचा तोच कंडक्टर दिसला. मला ओळखून जवळ आला आणि म्हणाला, “आजी, मी रोज बघतो. परत नाही आल्या त्या.” मी म्हटलं, येणारही नाही, काम नसताना ती गाडीत बसत नसे. तो म्हणाला, पण गेल्या कुठे? मी म्हटलं, मला काय माहीत? कदाचित गडचिरोलीला. त्याला ते कळलं नाही, आणि मी समजावत बसले नाही.

ते शिदोरीचं फडकं रेखाच्या घरी आहे. भांडी पुसायला घेतलंय. चांगलं सुती आहे, ठेवून काय पूजा करायची?

डॉक्टरीणबाईंनी रेखाच्या गाठीचं मला सगळं समजावून सांगितलं होतं. कागदावर चित्र काढलं — ही पिशवी, ही गाठ, हा देठ, तो असा पिळतो. चौथी शिकलेल्या बाईला कळेल असं सांगितलं आणि मला कळलं. सारंगखेड्याचं मात्र असं चित्र काढून दाखवणारं अजून कोणी भेटलेलं नाही. मास्तरांना विचारलं, भटजींना विचारलं. एक हसले, एकांनी शांत करायला सांगितलं. ज्या बाईने माझी पोरगी वेळेवर टेबलावर नेली, तिला शांत कशाला करायचं?

रेखा आता पुन्हा कारखान्यात जाते. चेहऱ्याला रंग आलाय. परवा फोनवर माझ्यावर ओरडत होती, पुढच्या वेळी मुकाट्याने मोटार करून ये म्हणून. मी म्हटलं, बघू.